रिकामं कॅरिअर

संक्रांतीच्या आधीचा रविवार. रक्कम एकशे दोन रुपये. एक्कावन्न अप्पांचे, एक्कावन्न माझे. हजर होते ते असे: अप्पा म्हणजे माझे वडील, आई, धाकटी बहीण मंगल आणि मी. पैसे आईने चहाच्या डब्यात ठेवले आणि डबा वरच्या फळीवर चढवला. त्यामुळे त्या सकाळी आमच्याकडे दुसरा चहा झाला नाही, कारण पैजेचा निकाल लागेपर्यंत डबा उघडायचा नाही असं मंगल म्हणाली आणि अप्पांना ते तत्त्व म्हणून पटलं. पैज कशाची होती ते सांगायचं तर आधी आमच्या घरातला सायकलीचा कायदा सांगावा लागेल.

अप्पा टॉवेलच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखान्याचा टेम्पो माल पोचवून रिकामा परतला की अप्पांच्या पोटात दुखायचं. डिझेल तेवढंच, ड्रायव्हरचा पगार तेवढाच, मग रिकामं यायचं कशासाठी, असं ते रात्री जेवताना विचारायचे. हाच नियम त्यांनी घरच्या सायकलीला लावला होता. आमची काळी सायकल दारातून रिकामी बाहेर पडायची नाही आणि रिकामी आत यायची नाही. कुणी नुसता सायकलीच्या सीटवर हात ठेवला तरी आतून आईचा आवाज यायचा, "निघालाच आहेस तर तेवढी ज्वारी टाकून ये." समोरच्या पद्मा अत्तींच्या घरातले मागावरचे टॉवेल, आमच्या घरातलं दळण, मावशीकडचा शेंगाचटणीचा डबा, असं काहीतरी कायम कॅरिअरवर असायचंच. त्या सगळ्याला बांधायला अप्पांनी जुन्या ट्यूबची एक लांब पट्टी कापून ठेवली होती. ती पट्टी अजून आहे. रबर कडक झालंय, पण आहे.

मी सायकल शिकलो तीच मुळी दळणाचा डबा कॅरिअरवर बांधून. पाय पुरत नव्हते म्हणून मधल्या नळीच्या खालून पाय घालून, तिरकं होऊन चालवायची आणि मागे ज्वारीचा दहा किलोचा डबा. जाताना ज्वारी थंड असायची, येताना पीठ गरम. गिरणीतून परत येताना पाठीच्या खालच्या भागाला जी ऊब लागायची ती हिवाळ्यात फार बरी वाटायची, आणि उन्हाळ्यात तीच ऊब मी निमूटपणे सोसायचो. संध्याकाळी गल्लीतली पोरं तलावाकडे चक्कर मारायला निघाली की मीही निघायचो, पण आईच्या नजरेतून सुटलो असं कधी झालं नाही. पोरं हात सोडून सायकली चालवायची, मी डबा घेऊन त्यांच्या मागे. "काय बे, डबा आला का?" असं विचारायचे, डबा म्हणजे मी. कॉलेजातसुद्धा अप्पांच्या जेवणाचा डबा, कारखान्याच्या सुताच्या नमुन्यांची पिशवी, काही ना काही मागे असायचंच. सायकल नुसती, मोकळी, मजेसाठी चालवता येते हे मी ऐकून होतो. करून पाहिलं नव्हतं.

शिक्षण संपल्यावर मीही टॉवेलच्याच धंद्यात लागलो, दुसऱ्या कारखान्यात, मागांच्या दुरुस्तीला. तिथल्या मालकांनी नवे माग आणायचं ठरवलं आणि ते उघडायचे कसे, जोडायचे कसे हे शिकायला मला आठ महिने हॉलंडला पाठवलं. जर्मनीच्या सीमेजवळचं लहानसं गाव होतं. तिथे कामावर जायला सगळे सायकलच वापरतात, म्हणून पहिल्याच दिवशी मला एक उंच, निळी सायकल मिळाली. मागे उत्तम कॅरिअर, आणि त्यावर काहीच नाही. मी टांग मारली आणि दहा पावलांत एका बाईंच्या कुंपणात जाऊन पडलो. उठलो, पुन्हा बसलो, पुन्हा त्याच कुंपणात. सायकलीचं पुढचं चाक असं इकडेतिकडे पळत होतं की जणू हँडलला माझी ओळखच नव्हती. बाई बाहेर आल्या. मी त्यांना माझ्या इंग्रजीत सांगितलं की मी पंधरा वर्षं सायकल चालवतोय. त्यांनी कुंपणाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय वाटलं असेल ते मी आजही हिशेबात धरत नाही.

पहिले सहा दिवस मी सायकल हातात धरून कामावर चालत गेलो. लोक विचारायचे तेव्हा पंक्चर आहे असं सांगायचो. सहा दिवस पंक्चर ही अडचणीची गोष्ट होती, कारण तिथे प्रत्येकाच्या खिशात पंक्चर काढायचं सामान असतं. सातव्या दिवशी दुकानातून बटाट्याचं दहा किलोचं पोतं घेतलं, स्वस्त होतं म्हणून. कॅरिअरवर ठेवून निघालो, आणि विचारांच्या नादात कधी टांग मारली ते कळलंच नाही. सायकल सरळ. दोरी लावून आखल्यासारखी सरळ. घरापाशी उतरलो तेव्हा लक्षात आलं. पोतं खाली ठेवून पुन्हा बसलो तर सायकल लगेच डावीकडे झुकली. पोतं ठेवलं, सरळ. मी ते अंधार पडेपर्यंत चारपाच वेळा करून पाहिलं. माझं शरीर दळणाच्या डब्यासकट सायकल शिकलं होतं. डबा काढला तर त्याला सायकल येत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून बटाटे माझ्याबरोबर कामाला येऊ लागले. माझा तिथला सोबती हेंक, पन्नाशीचा, मागाच्या आवाजाने अर्धा बहिरा झालेला माणूस, त्याने पहिल्या आठवड्यात काही विचारलं नाही. मग म्हणाला, रविवारी आम्ही सहाजण सायकलवर जातो, ये. मी विचारलं, कुठे? म्हणाला, कुठे नाही. मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही, म्हणून मोठ्याने विचारलं. तो त्याहून मोठ्याने म्हणाला, कुठेच नाही, कालव्याच्या काठाने जातो आणि परत येतो. मी विचारलं, आणायचं काय असतं? त्याला प्रश्न कळला नाही. गेलो. बटाटे घेऊन. चाळीस किलोमीटर. वाटेत एका बाकावर सगळे बसले, कॉफी काढली, आणि मग सगळे माझ्या पोत्याकडे आशेने बघत राहिले. बराच वेळ मला समजेना. मग समजलं. त्यांना वाटत होतं मी काहीतरी भारतीय करून खायला घालणार आहे. पुढच्या रविवारीही पोतं आलं आणि पुन्हा काही शिजलं नाही, तेव्हा त्यांनी आशा सोडली. तिसऱ्या रविवारी त्यांच्यातल्या एकाने, व्यायाम वाढावा म्हणून, स्वतःच्या सायकलीवर बटाटे बांधले. त्याला ते जमलं नाही. माझ्या बटाट्यांना तोवर कोंब आले होते.

त्या रविवारांबद्दल मला एवढंच नीट सांगता येतं की चौथ्या-पाचव्या खेपेला कालव्याच्या कडेने जाताना माझ्या मनात कुठलंच काम नव्हतं. जिथून निघालो तिथेच पोचलो आणि तरी काहीतरी आणल्यासारखं वाटलं. अप्पांच्या हिशेबाच्या वहीत याचा जमाखर्च कसा बसवायचा हे मला कळेना. मग मी ठरवलं की हे असंच, पण बटाट्यांशिवाय जमलं पाहिजे. औषध कमी करतात तसं मी दर रविवारी एक किलो बटाटे कमी केले. शेवटच्या किलोला दोन आठवडे लागले. एका रविवारी कॅरिअरवर पिशवीत एकच बटाटा होता, आणि हेंकने तो पाहून माझ्या पाठीवर थाप मारली. का, ते त्याला माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी काहीच नव्हतं. मी कालव्याच्या काठाने पुरे चाळीस किलोमीटर मोकळा गेलो आणि मोकळा आलो. आयुष्यात मला जी दोनतीन प्रमाणपत्रं मिळाली त्यांच्यापेक्षा ते अवघड होतं. घरच्या पत्रात किंवा फोनवर मी यातलं अक्षर सांगितलं नाही. अप्पांना काय सांगणार? बटाटे चाळीस किलोमीटर फिरवून परत आणले म्हणून?

सोलापूरला परत आलो आणि दोन महिन्यांच्या पगारातून नव्या पेठेजवळच्या दुकानातून गिअरची सायकल घेतली. बारीक टायरची, हलकी, लाल. अप्पा अंगणात आले, सायकलीभोवती एक फेरी मारली, मग उलट दिशेने एक फेरी मारली.

"कॅरिअर कुठाय?"

"याला नसतं, अप्पा."

"नसतं म्हणजे? द्यायला विसरले का?"

"नसतंच. ही फिरायची सायकल आहे."

"फिरून काय आणायचं?"

"काही नाही. फिरायचं आणि यायचं."

अप्पांनी मागच्या चाकावर, जिथे कॅरिअर असायला हवं होतं त्या हवेत, हात ठेवून पाहिला. "एवढी जागा वाया," म्हणाले. "उद्या मिस्त्रीकडं ने. क्लिपा लावून बसवील तो."

मंगल दारात शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "दादा, कॅरिअर बसव आणि वर टोपली पण बसव. दूधवाल्याला भाड्यानं देता येईल."

मला हसू आलं नाही. लोकांना हा वाद किरकोळ वाटेल, पण कॅरिअर बसलं की सोमवारी त्यावर डबा येणार, मंगळवारी पोतं येणार, आणि मी एकेक किलो करून जे कमावलं होतं ते महिन्याभरात जाणार, हे मला आकड्यासारखं स्पष्ट दिसत होतं. मी नाही म्हणालो. अप्पा आठवडाभर रोज सकाळी सायकलीच्या मागच्या जागेकडे बघून कामाला जात. शेवटी शनिवारी रात्री जेवताना मी म्हणालो की अप्पा, तुम्ही एकदा माझ्याबरोबर चला. वळसंगपर्यंत जाऊ, चहा पिऊ आणि परत येऊ. काही न्यायचं नाही, काही आणायचं नाही. मोकळं जाऊन मोकळं येता येतं हे दाखवतो. जमलं तर कॅरिअरचा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर सोमवारी मी स्वतः मिस्त्रीकडे जातो.

"निरोप पण न्यायचा नाही," मंगल म्हणाली.

"निरोपाला वजन नसतं," अप्पा म्हणाले.

"पण काम असतं की."

यावर बरीच चर्चा झाली आणि निरोप बाद ठरला. मग अप्पा म्हणाले, "मी तत्त्वानं सांगतो, मी काही घेणार नाही. कुणी दिलं तरी घेणार नाही. पण आपण रिकामे येणार नाही. घेशील तूच." एक्कावन्न रुपयांची रक्कम त्यांनी सुचवली, कारण शंभर म्हणजे जुगार होतो.

सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. आईने दोघांना कडक भाकरी, दही आणि चटणी खाऊ घातली, बांधून दिली नाही, कारण बांधून दिलं तर ते नेणं झालं असतं. काळ्या सायकलीचं कॅरिअर मी जन्मात पहिल्यांदा पूर्ण उघडं पाहिलं. आईने ते फडक्याने पुसलं. ट्यूबची पट्टी मात्र अप्पांनी खिशात घातली. पट्टीचं काय काम, असं मी विचारलं तर म्हणाले, "पट्टी म्हणजे सामान नाही. पट्टी म्हणजे पट्टी."

गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत अप्पांची सायकल दोनदा भिंतीकडे गेली. "वारा आहे," म्हणाले. वारा नव्हता. अक्कलकोट रस्त्याला लागल्यावर एक ओळखीचे गृहस्थ भेटले. त्यांच्या हातात वळसंगच्या पाहुण्यांची लग्नपत्रिका होती. "अरे व्वा, तिकडंच निघालाय की," म्हणून त्यांनी हात पुढे केला. अप्पांनी पत्रिकेकडे असं पाहिलं की मलाच वाईट वाटलं. "आज जमणार नाही," ते म्हणाले. "का हो? काय काम आहे?" "काही काम नाही, म्हणूनच." ते गृहस्थ पत्रिका धरून रस्त्यात तसेच उभे राहिले. पुढे कितीतरी दिवस ते अप्पांची तब्येत कशी आहे असं मला विचारायचे.

पुढे अप्पा एकदा ज्वारीच्या शेतात शिरले. उतरून कणसं बघत उभे राहिले, जणू त्यासाठीच गेले होते. आणखी थोडं गेल्यावर उजवीकडच्या तुरीत शिरले. "यंदा तूर बरी आहे," म्हणाले. मी मागे होतो. मला काळ्या सायकलीचं पुढचं चाक दिसत होतं. ते इकडेतिकडे पळत होतं. मी ते कुठे पाहिलंय हे मला आठवत होतं, पण अप्पांच्या बाबतीत तसं काही असेल हे डोक्यात शिरत नव्हतं. तीस वर्षं सायकल चालवणारा माणूस.

वळसंगला चहा झाला, भजी झाली. हॉटेलवाल्याने भजी बांधून देऊ का विचारलं तेव्हा आम्ही दोघं एकदम नाही म्हणालो. परत निघालो तेव्हा ट्रकची वर्दळ वाढली होती. एक ट्रक हॉर्न वाजवत अगदी जवळून गेला. अप्पांची सायकल आधी रस्त्याच्या मधोमध गेली आणि मग खडीवर आली. ते उतरले. सायकल हातात धरून चालायला लागले.

"काय झालं, अप्पा?"

"काही नाही. चालत गेलं की बघायला बरं पडतं."

घर अजून पंधरा-सोळा किलोमीटर होतं. मीही उतरलो. थोडा वेळ आम्ही दोघं दोन चांगल्या सायकली ढकलत चाललो. बघायला तिथे काही नव्हतं. पुढून आणखी दोन ट्रक आले. प्रत्येक वेळी अप्पा हँडल असं घट्ट धरत होते की बोटं पांढरी पडत होती. चेहरा मात्र तोच, स्टोअरमध्ये माल मोजताना असतो तो. त्या हाताकडे बघताना मला सहा दिवसांचं पंक्चर आठवलं आणि मग मला कळायचं काही राहिलं नाही.

बांधाला शेतातले वेचलेले दगड रचलेले होते. मी सायकल उभी केली आणि एकेक दगड उचलून बघायला लागलो. पहिला हलका होता. दुसरा गोल होता, घसरला असता. तिसरा चपटा, एका बाजूने गुळगुळीत, हाताला दळणाच्या डब्याएवढा लागला. तो उचलून मी अप्पांच्या कॅरिअरवर ठेवला आणि हात पुढे केला. अप्पांनी खिशातून पट्टी काढून दिली.

मी बांधत असताना म्हणाले, "हरशील."

"माहीत आहे."

"तुला कसं कळलं?"

मग मी त्यांना रस्त्याच्या कडेला उभं राहून हॉलंडचं सगळं सांगितलं. कुंपण, पंक्चर, बटाटे. अप्पांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर विचारलं, "किती किलो?"

"दहा."

"दहा जास्त होतात," अप्पा म्हणाले. "आठ पुरले असते."

आणि ते सायकलीवर बसले. सायकल सरळ. ट्रक आला, गेला, सायकल सरळ. थोड्या वेळाने मला तिसऱ्या गिअरमध्येही त्यांना गाठता येईना. अप्पांच्या पंच्याचं टोक मागे उडत होतं आणि ते शीळ घालत होते. ते शीळ घालतात हे मला माहीत नव्हतं. घरी आईला विचारलं तर तिलाही माहीत नव्हतं. गावात शिरल्यावर आमच्या गल्लीचं वळण आलं आणि अप्पा वळलेच नाहीत. मी हाक मारली तर हात हलवून पुढे चला अशी खूण केली. आम्ही तलावापर्यंत गेलो आणि तलावाला पूर्ण वळसा घातला. तिथे ते सकाळचे पत्रिकावाले गृहस्थ पुन्हा भेटले. त्यांनी कॅरिअरवरचा दगड पाहिला आणि जपून विचारलं, "कुठं निघालात?"

"कुठं नाही," अप्पा म्हणाले.

घरी आलो तर आई आणि मंगल दारातच. मंगलने आधी माझे हात पाहिले, मग अप्पांचे, मग कॅरिअर. "हे काय आणलं?"

"दगड," अप्पा म्हणाले.

"दगडाचं काय काम?"

"काही काम नाही," मी घाईने म्हणालो. "नुसता दगड आहे. काम नाही म्हणजे आणलं असं होत नाही." मला तेवढ्यात एक फट दिसली होती. अप्पाही विचारात पडले, कारण मुद्दा नियमाला धरून होता. पण तोवर आईने दगडावर पाणी ओतून हात फिरवला होता. "धुण्याला हवाच होता असा," ती म्हणाली. "जुना किती झिजलाय बघा." आणि तिने तो न्हाणीत नेऊन ठेवला, वर एक टॉवेल आपटून पाहिला. आवाज चांगला आला. माझी फट बुजली.

मी हरलो असं मी म्हणालो. अप्पा म्हणाले, "तू ठेवलास, पण माझ्यासाठी ठेवलास. मी जिंकलो असं मला वहीत लिहिता येणार नाही. कॅरिअर राहू दे." मी म्हणालो, ठरलं ते ठरलं. ते म्हणाले, नको. मी म्हणालो, बसवतो. आम्ही दोघं आपापल्या हरण्यासाठी इतके भांडलो की मंगलने डबा काढून आईच्या हातात दिला आणि आधी चहा टाक म्हणाली. चहा पिता पिता अप्पांचा कप मध्येच थांबला. "दगड कुणाचा आहे?" त्यांनी विचारलं. बांध कुणाचा, दगड त्याचा. नुसता वजनाला घेतला होता तोवर ठीक होतं, परत टाकता आला असता. आता तो वापरात आला. म्हणजे माल झाला. आणि त्याची पावती नव्हती.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा वळसंगच्या वाटेला, या वेळी रीतसर कामावर. खिशात एकशे दोन रुपये आणि अप्पांच्या कॅरिअरवर, नमुना म्हणून, तोच दगड. शेतकऱ्याचं नाव सिद्रामप्पा. तो बांधावर बसून भाकरी खात होता. अप्पांनी दगड दाखवला आणि किंमत विचारली.

"यप्पा," सिद्रामप्पा म्हणाला. "दगडाचं पैसं? आवो, दगड येचून येचून माजी कंबर गेली. तुमी न्हेला तर मीच तुमास्नी पैसं द्याया पायजेत की."

"तसं चालणार नाही," अप्पा म्हणाले. "वापरात आहे."

"मग रोज एक न्हेत जावा. लई हाईत."

अप्पा हटेनात. शेवटी सिद्रामप्पा म्हणाला, "बरं, एक रुपाया द्या. तुमचं बी मन ऱ्हाऊ द्या, माजं बी." अप्पांनी रुपया दिला, त्याने तो कपाळाला लावला. मग उठून झोपडीतून शेंगांच्या दोन मोठ्या पिशव्या घेऊन आला. नाही म्हणायची सोय नव्हती. एक पिशवी अप्पांच्या कॅरिअरवर दगडावर चढली. दुसरी घेऊन तो माझ्या सायकलीमागे आला आणि थांबला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"कॅरिअर कुटं गेलं रं? कुनी काढून न्हेलं का?"

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा तुरीकडे बघत होते. ती पिशवी मी पंधरा किलोमीटर खांद्यावरून आणली, आणि दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन आपणहून मिस्त्रीकडे गेलो. फक्त क्लिपा अशा लावून घेतल्या की शनिवारी रात्री कॅरिअर काढून ठेवता येईल.

त्यानंतर बरीच वर्षं आमच्या घरी रविवारी धुणं झालं नाही, कारण रविवारी दगड फिरायला जायचा. मी मोकळा आणि अप्पा दगड घेऊन, तलाव किंवा वळसंग किंवा कुठं नाही. आई सोमवारी दुप्पट धुणं धुवायची आणि त्याबद्दल दोघांनाही बोलायची. आता घरात मशीन आहे आणि माझे सोबती अंगाला चिकटणारे कपडे घालून, मनगटावर यंत्र बांधून सायकली चालवतात. त्यांना मी हे सांगत नाही. अप्पा ऐंशीला आले आहेत, सायकल सुटली आहे. परवा हे प्रकरण त्यांना वाचून दाखवलं तर त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. पंच्याचं टोक उडत नव्हतं, त्यांनी ते खोचलं होतं. आणि दगड डब्याएवढा म्हणजे दहा किलोचा नव्हता. दगड आणला त्याच आठवड्यात त्यांनी तो कारखान्याच्या काट्यावर ठेवून पाहिला होता. आठ किलो शंभर ग्रॅम भरला.

बाकी हिशेब बरोबर आहे. एक रुपया दगडाबद्दल सिद्रामप्पाला, आणि राहिलेले एकशे एक कॅरिअरबद्दल मिस्त्रीला.